फोल्डिंग सायकलवर नेरळ-माथेरान: उभा घाट चढण्याची पुरी तयारी

छोट्या चाकांवर घाट चढत नाही, हा समज घाटाइतकाच जुना आहे आणि तो चुकीचा आहे. चाक १६ इंची असो वा २७ इंची, पायांना त्याचा पत्ता नसतो. पायांना एवढंच कळतं, की पायडलचा एक फेरा पूर्ण केला तेव्हा सायकल किती मीटर पुढे गेली. हा आकडा घाटाला साजेसा असेल तर फोल्डिंग सायकल घाट चढते, नसेल तर महागडी रोड बाइकही ढकलावी लागते. छोट्या चाकाची खरी अडचण उतारावर असते, आणि तिचा विचार चढाच्या आधीच करायचा असतो.

उदाहरणाला नेरळ-माथेरानचा रस्ता घेऊ. कारण सरळ आहे: कर्जत-खोपोलीकडे जाणाऱ्या लोकलने नेरळला उतरायचं, स्टेशनबाहेर सायकल उघडायची आणि दोन-तीन किलोमीटरच्या आत घाटाला भिडायचं. फोल्डिंग सायकल याचसाठी घेतलेली असते. नेरळ समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर, माथेरान ८०० मीटरच्या आसपास. गाडीरस्ता माथेरानच्या अलीकडे दस्तुरी नाक्यापर्यंत जातो. सुमारे ८ किलोमीटरच्या चढात साडेसहाशे ते सातशे मीटर उंची गाठावी लागते. म्हणजे सरासरी ८ ते ९ टक्के, आणि काही वळणांवर त्याहून बराच जास्त उभार. तुलना करायची तर शेजारून जाणारी, १९०७ साली सुरू झालेली छोटी रेल्वेगाडी हीच उंची गाठायला जवळपास २१ किलोमीटर वळसे घेते. रस्त्याला तेवढी सवड नाही.

आधी कागद-पेन्सिल

पहिलं काम गॅरेजमध्ये नाही, वहीत करायचं. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती जाते ते असं काढा: पुढच्या चेनव्हीलचे (पायडलशेजारच्या दातेरी चकतीचे) दाते भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते, गुणिले मागच्या चाकाचा परीघ. परीघ मोजायला टायरवर खडूची खूण करा, सायकलवर बसून एक फेरा पुढे जा आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. माणूस बसलेला असताना मोजलेला परीघच खरा, कारण वजनाने टायर थोडा दबतो. ब्रॉम्प्टन या १६ इंची फोल्डिंग सायकलला हा आकडा १.३२ मीटरच्या आसपास येतो, साधारण दीड इंच रुंद टायरच्या २० इंची सायकलला १.५२ मीटर.

सायकलला हबगियर (मागच्या चाकाच्या मध्यभागी, हबच्या आत बसवलेले गियर) असेल तर सर्वांत हलक्या गियरच्या गुणोत्तरानेही गुणायचं. सहा गियरच्या ब्रॉम्प्टनमधला स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गियरचा वाइड रेशो हब पहिल्या गियरला ०.६४ देतो, आणि मागच्या दोन चकत्या १३ व १६ दात्यांच्या असतात. त्यावरून सर्वांत हलक्या गियरचे आकडे:

ब्रॉम्प्टन, चेनव्हील ५० दाते: २.६४ मीटर
ब्रॉम्प्टन, ४४ दाते: २.३२ मीटर
ब्रॉम्प्टन, ३९ दाते: २.०६ मीटर
२० इंची, ५२ दाते आणि मागे २८: २.८२ मीटर
२० इंची, ५२ आणि ३४: २.३२ मीटर
२० इंची, ४४ आणि ३४: १.९७ मीटर
२० इंची, ३८ आणि ३४: १.७० मीटर

३४ दात्यांचं छोटं चेनव्हील आणि मागे ३२ लावलेली रोड बाइक २.२ मीटरच्या आसपास असते. म्हणजे ४४ दात्यांची ब्रॉम्प्टन रोड बाइकच्या फारशी मागे नाही. बहुतेक फोल्डिंग सायकली शहरासाठी भारी गियर लावून येतात, गोम तिथे आहे.

आता हे आकडे घाटाला लावून बघा. ७० किलोचा माणूस, १२ किलोची सायकल, ३ किलो सामान, असे ८५ किलो धरले तर साडेआठ टक्के चढावर ताशी ६ किलोमीटरने जायला सुमारे १४० वॉट लागतात. नियमित सायकल चालवणाऱ्याला दीड तास हे झेपतं. ताशी ६ म्हणजे मिनिटाला १०० मीटर. २.६४ मीटरच्या गियरमध्ये पायडलचे मिनिटाला ३८ फेरे होतील, १.७० मध्ये ५९. ताकद तेवढीच, पण ३८ फेऱ्यांत पायडलवर सरासरी २१ किलोचा दाब द्यावा लागतो, ५९ फेऱ्यांत साडेतेरा-चौदा किलोचा. शिवाय क्रँक (पायडलचा दांडा) आडवी असते त्या क्षणी हा दाब सरासरीच्या जवळजवळ दुप्पट होतो. पाऊण तास असा दाब देत राहिलं की आधी गुडघा बोलतो, दम नंतर लागतो. पायांत गोळे येऊन मधेच सोडून देणाऱ्यांचं दुखणं बहुतेक वेळा हेच असतं. त्यात तयारी कमी असते असं नाही, दाते जास्त असतात.

या घाटासाठी १.६ ते १.९ मीटरचा गियर हवा. २.३ मीटरवर धडधाकट माणूस बहुतेक भाग चढतो आणि उभी वळणं ढकलतो. २.६ च्या वर आकडा असेल तर आधी सुटे भाग बदला, मग लोकलचं तिकीट काढा.

दाते कमी कसे करायचे

सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा बदल म्हणजे पुढचं चेनव्हील. ते किती लहान करता येईल हे क्रँकच्या बोल्टच्या वर्तुळावर ठरतं. १३० मिमी वर्तुळाच्या पाच बोल्टच्या क्रँकवर ३८ दात्यांच्या खाली जाता येत नाही. ११० मिमीच्या पाच बोल्टवर ३४ पर्यंत, आणि माउंटन बाइकच्या १०४ मिमी चार बोल्टच्या क्रँकवर ३० पर्यंत जाता येतं. विकत घेण्याआधी वर्तुळ मोजा, दुकानदाराच्या ‘बसेल की’ वर जाऊ नका. क्रँकच बदलायची असेल तर दोन गोष्टी तपासा. चेन मागच्या चकत्यांच्या मधल्या चकतीशी सरळ रेषेत हवी. आणि सायकल घडी केल्यावर चेनव्हील किंवा क्रँक फ्रेमला, पुढच्या चाकाला वा केबलला घासता कामा नये. दुसरी तपासणी हमखास राहून जाते, आणि मग स्टेशनवर सायकल मिटत नाही.

चेनव्हील जेवढ्या दात्यांनी लहान कराल त्याच्या साधारण निम्म्या कड्या चेनमधून जास्तीच्या होतात. कड्या जोडीनेच कमी करायच्या असल्याने ५० वरून ४४ वर आलात तर दोन काढा, उरलेला ढिलेपणा टेन्शनर (चेन ताणून धरणारा स्प्रिंगचा हात) घेतो. काढल्यावर सर्वांत मोठ्या मागच्या चकतीवर चेन टाकून बघा. टेन्शनरचा हात पूर्ण ताणला जात असेल तर जास्त काढल्यात.

२० इंची सायकलला मागे सात गियरचा १४-२८ फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) असेल तर शिमानोचा १४-३४ मेगारेंज फ्रीव्हील बसतो आणि तो खिशाला परवडतो. त्यात २४ नंतर थेट ३४ दाते येतात, उडी मोठी आहे, पण घाटात ती चालून जाते. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) ३४ दाते झेपणारा हवा. शिमानो टुर्नीचा लांब पिंजऱ्याचा प्रकार चालतो. छोट्या चाकावर लांब पिंजरा जमिनीच्या फार जवळ येतो, तेव्हा गतिरोधक आणि रस्त्याकडेचे दगड सांभाळा. बसवल्यावर आतल्या बाजूचा मर्यादा-स्क्रू नीट लावून घ्या. तो ढिला राहिला तर भर चढावर ३४ टाकताना चेन चकती ओलांडून आऱ्यांत जाते, आणि मग डिरेलर, तो अडकवायचा हँगर आणि आरे असे तिन्ही एकदम जातात. सायकल स्टँडला लावून, हाताने पायडल फिरवत आणि डिरेलर बोटाने आत ढकलत ही चाचणी घरीच करायची.

एक जुनी, फार न वापरली जाणारी युक्ती आहे: पुढे दोन चेनव्हील लावायची, पण पुढचा डिरेलर लावायचाच नाही. घाटाच्या पायथ्याशी थांबून काडीने किंवा जुन्या हातमोज्याने चेन लहान चेनव्हीलवर ओढायची, माथ्यावर परत मोठ्यावर टाकायची. दिवसातून दोनदाच लागणाऱ्या गोष्टीसाठी केबल, शिफ्टर आणि त्यांची खिटखिट कशाला? फक्त लहान चेनव्हीलवर असताना मागे लहान चकत्या वापरायच्या नाहीत, चेन ढिली पडून लोंबते.

हबगियरच्या सायकलींना मात्र खालची मर्यादा असते. चेनव्हील फार लहान केलं की हबच्या आतल्या दात्यांवर ठरलेल्यापेक्षा जास्त पीळ पडतो. हब बनवणाऱ्याने पुढच्या-मागच्या दात्यांचं किमान गुणोत्तर दिलेलं असतं, त्याच्या खाली जाऊ नका.

हलकी सायकल घेण्यावर पैसे घालणाऱ्यांसाठी एक हिशेब: सायकल दोन किलोने हलकी केली तर ८५ किलोतले सव्वादोन टक्के वाचतात. ५० चं चेनव्हील ४४ केलं तर पायावरचा दाब १२ टक्क्यांनी उतरतो. दोन्हींच्या किमती शेजारी शेजारी ठेवून बघा.

हबची केबल: सगळ्यात जास्त फसवणारी जागा

स्टर्मी-आर्चरच्या हबमध्ये केबल पूर्ण ताणलेली असते तेव्हा सर्वांत हलका गियर मिळतो आणि ढिली असते तेव्हा सर्वांत भारी. म्हणजे केबल थोडी जरी सैल झाली तरी पहिला बिघाड नेमका चढावरच्या गियरमध्ये दिसतो. सपाटीवर सगळं ठीक वाटतं, आणि घाटात जोर दिला की ‘खट्’ होऊन पायडल मोकळं फिरतं. तोल गेला तर माणूस पडतो, आणि असं वारंवार झालं तर हबचे आतले भाग झिजतात.

जुळणी अशी करा. उजव्या हाताचा गियर २ वर ठेवा आणि पायडल थोडं पुढे-मागे फिरवा. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला टेन्शनरच्या नटाला भोक असतं, त्यातून आत बघा. केबलला जोडलेली बारीक साखळी जिच्या टोकाला असते, त्या दांडीचा खांदा अॅक्सलच्या टोकाबाहेर १ मिमीपेक्षा जास्त येता कामा नये. तसं नसेल तर केबलचा अॅडजस्टर फिरवून जुळवा, लॉकनट आवळा आणि तिन्ही गियर टाकून बघा. शिमानोच्या सात-आठ गियरच्या हबवर हेच काम सोपं आहे: गियर ४ वर ठेवून हबवरच्या दोन रंगीत खुणा एका रेषेत आणायच्या.

घाटाच्या आदल्या दिवशी हे बघाच. सायकल घडी करताना आणि उघडताना केबल ओढली जाते, त्यामुळे इतर सायकलींपेक्षा इथे जुळणी लवकर बिघडते.

बिजागऱ्या, सीट, टायर

बिजागरीची तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. मधल्या किंवा हँडलच्या बिजागरीत टिकटिक जाणवली तर ती कसून घ्या. डाहोन आणि टर्न या कंपन्यांच्या पद्धतीच्या खटक्यांत आतला छोटा बोल्ट फिरवून ताण वाढवता येतो. खटका बंद करताना शेवटच्या निम्म्या भागात तळव्याने जोर द्यावा लागला पाहिजे. सहज टपकन बंद होत असेल तर सैल आहे, दोन्ही हात लावावे लागत असतील तर जादा कसला आहे आणि बिजागरीलाच ताण देतो.

सीटचा दांडा चढावर हळूहळू खाली सरकतो आणि ते कळतही नाही. दोन सेंटिमीटर खाली गेला तरी गुडघा जास्त वाकतो आणि मांड्या लवकर थकतात. दांडा सरकण्याचं कारण बहुतेकदा तेल असतं. ब्रॉम्प्टनच्या सीटदांड्याला तेल वा ग्रीस लावायचंच नसतं. कापडावर स्पिरिट घेऊन तो आणि त्याची बाही कोरडी पुसा, आणि योग्य उंचीला रंगीत टेपची खूण करा. योग्य उंची म्हणजे पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला. शहरातल्या वापरासाठी अनेकजण सीट खाली ठेवतात, सिग्नलला पाय टेकायला. घाटात ती सवय सोडा, आणि सीट रुळांवर एखाद सेंटिमीटर पुढे घ्या.

टायरच्या बाबतीत एकच मोठी खबरदारी. ब्रॉम्प्टनचं १६ इंच आणि लहान मुलांच्या सायकलचं १६ इंच वेगळं असतं. पहिल्याच्या रिमचा मापाचा आकडा ३४९, दुसऱ्याचा ३०५. नेरळच्या सायकल दुकानात मिळणारा १६ इंची टायर बसणार नाही. म्हणून स्वतःची ट्यूब, पॅच, पंप आणि चाक काढायला १५ चा पाना बरोबर हवाच. २० इंचीत बहुतेक सायकली ४०६ मापाच्या असतात, ती ट्यूब कुठल्याही गावात मिळते. ४५१ मापाची वेगवान फोल्डिंग असेल तर मात्र ब्रॉम्प्टनवाल्यांसारखीच सोय करा. हवा टायरच्या कडेवर लिहिलेल्या मर्यादेच्या वरच्या बाजूला ठेवा. छोटा टायर कमी हवेवर फार दबतो आणि चढावर ते ओझं लगेच जाणवतं.

ब्रॉम्प्टनचं मागचं चाक काढणं रस्त्याकडेला पहिल्यांदा शिकण्याची गोष्ट नाही. गियर ३ वर टाकून केबल ढिली करायची, हबच्या बारीक साखळीपासून केबलचा अॅडजस्टर सोडवायचा, टेन्शनर काढायचा, मग चाकाचे नट. वॉशरांचा क्रम मोबाइलवर फोटो काढून ठेवा. घरी एकदा करून बघितलं की पुरतं.

वजन पुढे

छोट्या चाकांच्या सायकलवर माणूस जवळजवळ मागच्या चाकावर बसलेला असतो. हलक्या गियरमध्ये उभ्या चढावर जोर दिला की पुढचं चाक जमीन सोडतं आणि हँडल भरकटतं. त्यावर पाठपिशवी म्हणजे आगीत तेल: वजन उंच आणि मागे. सामान पुढे ठेवा. ब्रॉम्प्टनची पुढची पिशवी हँडलवर नाही, फ्रेमवरच्या ठोकळ्यावर बसते, त्यामुळे ती हँडलबरोबर वळत नाही, आणि तिथे १० किलोपर्यंत वजन चालतं. पाणी, हत्यारं, खाणं मिळून तीन किलो तिथे ठेवलंत की चाक खाली बसतं. इतर सायकलींना हँडलबॅग चालेल, पण तिच्यात दोन किलोच्या वर नको, हँडलचा लांब दांडा डुलायला लागतो.

चढ

पावसाळ्यात हा रस्ता देखणा असतो आणि सायकलला वाईट: शेवाळ, वाहतं पाणी, दरडीचे दगड, धुकं आणि पर्यटकांच्या गाड्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये सहाच्या आत पायथा सोडता आला तरच जा. शनिवार-रविवारी आठनंतर नेरळ-दस्तुरी टॅक्सींची वर्दळ वाढते. लोकलमध्ये सायकल घडी करून, पिशवीत घालून लगेजच्या डब्यात न्या. पहाटेच्या गाडीला कुणाची कुरकुर नसते.

निघण्यापूर्वी दोन तास आधी पोहे किंवा उपमा. चढावर तासाला ६०० ते ७५० मिली पाणी लागेल, ऊन असेल तर त्याहून जास्त, तेव्हा दोन लिटर घ्या आणि त्यातल्या एका बाटलीत मीठ-साखर-लिंबू. राजगिऱ्याची वडी, चिक्की, केळं यांपैकी काहीतरी दर अर्ध्या तासाला थोडं थोडं. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

पहिली दहा मिनिटं मुद्दाम हळू. पायथ्याचा रस्ता फसवा असतो, पाय ताजे असतात आणि माणूस ताशी दहाने सुटतो. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल एवढाच श्वास ठेवा. ताशी ६ ने गेलात तर ८ किलोमीटरला ऐंशी मिनिटं लागतात, विश्रांती धरून दोन तास मोजा.

गियर बदलताना दोन पद्धती आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट आहेत. हबगियर बदलताना पायडलवरचा जोर क्षणभर पूर्ण सोडायचा. डिरेलर बदलताना पायडल फिरतं ठेवायचं, पण हलक्या पायाने. सहा गियरच्या ब्रॉम्प्टनवर उजवा हात हबचा आणि डावा डिरेलरचा, म्हणजे दोन्ही एकाच सायकलवर. उभ्या चढावर जोर सोडला तर सायकल दोन सेकंदांत थांबते. म्हणून वळण दिसलं की त्याच्या दहा-पंधरा मीटर आधीच हब १ वर आणून ठेवा, आणि वळणात फक्त डाव्या हाताचा गियर वापरा. हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत घराजवळच्या उड्डाणपुलावर सराव करा.

वळणात आतली बाजू सर्वांत उभी असते. डाव्या वळणावर आपण नेमके आतल्या बाजूला असतो. मागे-पुढे गाडी नसेल तर आपल्याच लेनच्या उजव्या कडेने, थोडं रुंद वळण घ्या, मधली रेषा मात्र ओलांडू नका. रस्त्यावर नागमोडी जाऊन चढ सौम्य करण्याची युक्ती रिकाम्या रस्त्यावर ठीक आहे, टॅक्सींच्या घाटात नाही.

बसूनच चढा. उभं राहून पायडल मारलं की फोल्डिंगचा हँडलदांडा डुलतो, आणि ब्रॉम्प्टनचा मागचा रबरी ठोकळा दर फेऱ्याला दबून थोडी ताकद खातो. कडक ठोकळा मिळतो, तो लावला तर फरक पडतो. पाठ आखडली म्हणून दहा-वीस फेरे उभं राहायला हरकत नाही, पण तेव्हा एक गियर भारी टाका आणि हँडल ओढू नका, हाताने फक्त तोल धरा. बसलेलं असताना कोपरं वाकवा आणि छाती पुढे न्या. उभा तुकडा आला की सीटच्या नाकावर सरका.

रस्ता छोट्या गाडीचे रूळ ओलांडतो. रुळाशेजारची फट मोठ्या चाकाला कळतही नाही, १६ इंची चाक मात्र त्यात शिरून बसतं. सायकल रुळांना काटकोनात आणा, पायडल आडवं ठेवा, ब्रेक न दाबता ओलांडा. रूळ ओले असतील तर उतरून चाला.

वेग ताशी साडेचारच्या खाली गेला की उतरा. चालण्याचा वेगही जवळपास तेवढाच असतो, आणि त्या वेगाला तोल सांभाळण्यातच ताकद जाते. ढकलताना उजवा हात सीटवर आणि डावा हँडलवर. पायडलला अडकणारे क्लीटचे बूट घाटात नकोत, चालताना घसरतात. चढावर पुन्हा सुरू करायचं असेल तर सायकल रस्त्याला तिरकी लावा, दोन्ही ब्रेक दाबा, पुढचं पायडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा, छाती हँडलवर घ्या, ब्रेक सोडताच एक पूर्ण जोर आणि लगेच दुसरा पाय. पहिल्या दोन फेऱ्यांत दुसरा पाय शोधत बसलात तर परत थांबावं लागेल. त्यासाठी विश्रांती शक्यतो उभ्या वळणाच्या खाली नाही, वळण संपल्यावर जिथे रस्ता जरा सपाट होतो तिथे घ्या.

इतर विचित्र सायकली

आडव्या बसकणीच्या रिकम्बंट सायकलवर उभं राहता येत नाही आणि अंगाचं वजन पायडलवर टाकता येत नाही, म्हणून गियर आणखी हलका लागतो, दीड मीटरच्या आसपास. दोनचाकी रिकम्बंट ताशी पाचच्या खाली डगमगते, तीनचाकी ताशी तीननेही आरामात रांगते, पडायचा प्रश्नच नाही. पण पुढे दोन चाकं असलेल्या तीनचाकीत मागच्या एकट्या चाकावर वजन कमी असतं. वाळू-खडीवर ते जागच्या जागी फिरतं, अशा वेळी पिशवी मागे बांधा. तीनचाकीचा झेंडा विसरू नका, टॅक्सीचालकाच्या नजरेच्या खाली असता तुम्ही.

दोघांनी मिळून चालवायच्या टँडेमवर दोघांची ताकद मिळते, पण लय जुळली नाही तर एकाची ताकद दुसरा खातो. गियर बदलताना पुढच्याने ‘बदलतोय’ असं मोठ्याने सांगणं हा नियमच करा. आणि दूधवाल्यांची काळी दणकट सायकल? पुढे ४४, मागे १८, परीघ २.२ मीटर: एका फेऱ्याला ५.४ मीटर. माथेरानला ती ढकलतच न्यायची.

उतार

८५ किलो वजन ६८० मीटर खाली आणायचं तर साडेपाचशे किलोज्यूलहून जास्त ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. उभ्या, वळणांच्या घाटात वारा त्यातला थोडाच वाटा उचलतो, बाकी सगळी रिम-ब्रेकच्या रबरातून रिममध्ये उष्णता होऊन जाते. १६ इंची रिममध्ये मोठ्या रिमच्या जेमतेम निम्मं धातू असतं, त्यामुळे ती लवकर आणि जास्त तापते. सतत ब्रेक दाबून उतरलात तर ट्यूब फुटू शकते, तीही पुढच्या चाकाची, वळणात.

म्हणून ब्रेक धरून ठेवू नका. सरळ तुकड्यात थोडं सुटू द्या, मग दोन्ही ब्रेक दोन-तीन सेकंद जोरात दाबून वेग उतरवा आणि पूर्ण सोडा. वेग ताशी २५ च्या आत ठेवा, कारण छोट्या चाकाला खड्डा मोठा असतो आणि हँडल चंचल. दर दीड-दोन किलोमीटरला थांबा आणि रिमजवळ बोट नेऊन बघा. गरम झळ लागली तर पाच मिनिटं थांबा, पाणी ओतू नका. ब्रेकच्या रबरांवरच्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर ती रबरं या घाटात आणूच नका. डिस्क ब्रेकच्या फोल्डिंगला टायरची ही भीती नाही, पण डिस्कसुद्धा तापते, तिला हात लावू नका.

आणि दुसरा पर्याय, जो या सायकलींनाच आहे: उतरूच नका. दस्तुरीच्या पुढे माथेरानात खासगी मोटारगाड्यांना बंदी आहे, आपला चढही इथेच संपतो. घडी करा, चेनकडची बाजू जुन्या कापडात गुंडाळा म्हणजे टॅक्सीच्या सीटला तेल लागणार नाही, आणि शेअर टॅक्सीच्या डिकीत ठेवून नेरळला या. डिकीत सायकल आडवी टाकताना डिरेलरची बाजू वर ठेवा. जागा भरलेली असेल तर चालकाला आधी विचारा, सामानाचे वेगळे पैसे मागितले तर ते ठरवूनच बसा. नेरळला उतरल्यावर सायकल उघडायची घाई नको, ती तशीच पिशवीत घालून लोकलच्या लगेज डब्यात चढवा. घरी आल्यावर केबलची जुळणी पुन्हा बघा.